नर्सिंग की एमएसडब्ल्यू? माझा निर्णय कसा झाला

डायलिसिस युनिटमध्ये एक रजिस्टर असतं. रुग्ण आला नाही की त्याच्या नावापुढे लाल पेनाने ‘गैरहजर’ लिहायचं, फोन करायचा, नाही लागला तर डॉक्टरांना सांगायचं आणि मशीन दुसऱ्या रुग्णाला लावायचं. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी पाच वर्षं काढली, त्यातली शेवटची दोन या युनिटमध्ये. चार नंबर बेडच्या मामांच्या नावापुढे एकाच महिन्यात पाचव्यांदा लाल शब्द लिहायची वेळ आली, तेव्हा हात अडला.

मामा दौंड तालुक्यातले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलेला, म्हणजे डायलिसिसचा पैसा लागत नव्हता. मग ते येत का नव्हते? आम्ही सगळ्या त्यांच्यावर रागावलो होतो. पोटॅशियम वाढेल, छातीत पाणी भरेल, मामा, जिवावर बेतेल. ते मान हलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा यायचे नाहीत.

आमच्या एमएसडब्ल्यू, म्हणजे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेविका ताई, एका दुपारी त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. अर्ध्या तासात उलगडा झाला. मामांना एकट्याला एसटीचा प्रवास झेपत नव्हता, मामी सोबत यायच्या, आणि मामींची आठवड्यातली तीन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडत होती. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. केंद्र सरकारने 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केल्यापासून सरकारी रुग्णालयांतही ही सोय वाढली आहे. ताईंनी मामांच्या गावाजवळचं केंद्र शोधलं, तिथे जागा रिकामी होईपर्यंत दीड महिना पाठपुरावा केला, आणि तोवर आमच्याकडे त्यांना पहाटेची पाळी मिळवून दिली, म्हणजे मामींना निदान दुपारनंतरचं काम मिळेल.

त्या माणसाच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडात, मी दोन वर्षं सुया घातल्या होत्या. रोज बोलत होते त्यांच्याशी. वजन किती वाढलं, पाणी किती प्यायलात, मीठ कमी केलंत का. मामींच्या मजुरीचा प्रश्न मला एकदाही विचारावासा वाटला नव्हता, आणि विचारला असता तरी उत्तराचं पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. हे मला फार लागलं. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, आपण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी का?

घरी सांगितलं तेव्हा आई गप्प राहिली. अण्णा म्हणाले, “नर्सला जगात कुठेही काम आहे. तुझ्या बॅचच्या दोघी दुबईला गेल्या, एक जर्मन शिकतेय. तू हातातलं सोडून दोन वर्षं पुन्हा वर्गात बसणार, आणि नंतर एका रुग्णालयात एमएसडब्ल्यूच्या जागा असतात किती?” अण्णांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे सिस्टर शंभरावर आणि एमएसडब्ल्यू तीन. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असतं, पण भरती निघेल तेव्हाच.

मी घाई केली नाही. दोन महिने प्रत्येक वीकली ऑफ ताईंच्या केबिनमध्ये काढला. कुणाला नर्सिंग सोडून इकडे यायचं असेल, तर आधी हे करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. माझी समजूत होती की हे काम म्हणजे शांतपणे ऐकणं आणि धीर देणं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग कागदांत जातो. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. हे सिद्ध करायला तहसीलदारांचा दाखला लागतो. तो गेल्या वर्षीचा निघतो, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नसतं, आधारवर आडनाव वेगळं असतं. ताई तलाठ्यांना फोन लावतात, योजनेत रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्रांशी बोलतात, नातेवाइकाला कुठल्या खिडकीवर काय म्हणायचं ते लिहून देतात. एका मुलाचं ऑपरेशन दाखल्यावाचून तीन दिवस थांबलं होतं. दाखला आला, त्याच संध्याकाळी त्याला आत घेतलं. कागद हाही उपचाराचाच भाग आहे, हे मला त्या केबिनमध्ये कळलं, आणि मन तिकडे अधिकच ओढ घेऊ लागलं.

तरीही दुसरी बाजू जड होती. मला मनाच्या आजारांकडे जायचं असतं, तर नर्सिंगचाच रस्ता सरळ होता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेली, नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झालेली परिचारिका मानसिक आरोग्य परिचारिकेच्या व्याख्येत बसते. सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणवून घ्यायला मात्र एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं, आणि नव्या शिक्षण धोरणानंतर एम.फिल. बंदच होत चाललं आहे. म्हणून मी स्वतःला स्पष्ट विचारलं, आपल्याला नेमकं कुठे काम करायचंय? उत्तर आलं, डायलिसिस, कॅन्सर, अवयव प्रत्यारोपण. जिथे आजार वर्षानुवर्षं चालतो आणि घर त्याच्यासोबत झिजतं. प्रत्यारोपण समन्वयक हे पद तर असं आहे की तिथे नर्सही चालते आणि एमएसडब्ल्यूही. 2011 च्या कायदादुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात ते सक्तीचं झालं. माझी पाच वर्षं वाया जाणार नाहीत, हा आधार मला तिथे सापडला.

पात्रतेचं एक सांगते, कारण यात माझी मैत्रीण अडकली. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेची पदवी लागते. माझं बी.एस्सी. होतं, अर्ज भरता आला. तिचं जीएनएम, म्हणजे पदविका. तिला आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी करावी लागणार आहे. हे तिला अर्ज भरायला बसल्यावर कळलं.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, “चांगली नोकरी सोडून का येताय?” मी मामांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आणि उद्या मामा डायलिसिस नकोच म्हणाले तर?” मला उत्तर सुचलं नाही. माहीत नाही, असं मी सांगितलं. प्रवेश मिळाला.

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर्क, प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग लिहायचं, मग सुपरवायझर बाईंसोबत चर्चा. माझ्या तिसऱ्या केसचं रेकॉर्डिंग वाचून त्यांनी वही बाजूला ठेवली. म्हणाल्या, “त्या आजी रडायला लागल्या आणि तू त्यांची उशी नीट केलीस, पाणी दिलंस, सलाईन बघितलंस. त्या कशासाठी रडत होत्या, हे यात कुठेच नाही.” खरं होतं. पाच वर्षांत माझ्या हातांना सवय लागली होती की समोर त्रास दिसला की काहीतरी करायचं. हात मांडीवर ठेवून नुसतं बसणं मला महिनोन्महिने शिकावं लागलं. वर्गात इतरांना ते सहज जमायचं. त्यांना वॉर्डातले शब्द आणि वास जड जायचे, तिथे मी त्यांना सांभाळून घ्यायचे.

पैशांसाठी मी जुन्या युनिटमध्ये शनिवारची नाईट धरून ठेवली आहे. नर्सिंग परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, तीही चालू ठेवली. अण्णांना त्यामुळे थोडा धीर आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी ओव्हर देत होते, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगत होते. सात नंबरला एक नवीन ताई आहेत, तिशीच्या. वजन, बीपी, हेपॅरिन, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, “यांचा मुलगा पहिलीत आहे, शाळा साडेबाराला सुटते आणि आणायला दुसरं कोणी नाही. एक वाजता संपणारी पाळी देऊ नका, त्या मध्येच उठून जातील.” घेणारी सिस्टर नवीनच होती. तिने मान वर करून पाहिलं, आणि बीपीच्या खालच्या ओळीत ‘साडेबारा, शाळा’ असं लिहून घेतलं.