एकाच बाजूला कललं की गॅसचा वास

होडी बंदरात उभी असताना वास नाही. समुद्रात गेली तरी दरवेळी नाही. वारा शेगडीच्या बाजूने आला तरच. शिडाच्या होडीच्या मालकाने सांगितलेला हा तपशील गळती शोधण्याच्या कामात सगळ्यात मोलाचा ठरला. केबिनमधली ओव्हनवाली डोलती शेगडी (दोन खुंट्यांवर टांगलेली, होडी कलली तरी सपाट राहणारी) नव्यानेच बसवलेली होती आणि बसवणाऱ्याने घेतलेल्या चाचणीत गळती आढळली नव्हती.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की होडीच्या तळात साचतो, आपोआप बाहेर पडत नाही. म्हणून आधी सिलिंडर बंद केला, हॅच (डेकवरची झाकणं) उघडले आणि विजेचं एकही बटण न दाबता हातपंपाने तळातली हवा बराच वेळ उपसली. पुढची तपासणी गॅसवर केलीच नाही. रेग्युलेटरनंतरच्या पाइपात हातपंपाने हवा भरली आणि यू आकाराची पाण्याची नळी जोडली. शेगडी 30 मिलीबारची होती; तेवढ्या दाबाला नळीच्या दोन बाजूंतल्या पाण्यात सुमारे 306 मिलीमीटरचा फरक पडतो. शेगडी सरळ असताना पाणी जागचं हललं नाही. वारा शेगडीच्या बाजूने आला की होडी पलीकडे कलते आणि शेगडीचा तळ केबिनकडे येतो. म्हणून तो तळ केबिनच्या बाजूला ओढून 25 अंशांवर लाकडी पाचर मारली, आणि फरक डोळ्यांदेखत कमी होऊ लागला, म्हणजे हवा गळत होती. साबणाचं पाणी लावल्यावर शेगडीमागच्या एल्बोच्या (पाइपच्या काटकोनी जोडाच्या) आट्यांपाशी बारीक बुडबुडे धरले. पाचर काढली की बुडबुडे बंद.

शेगडीला गॅस नेणारा होज, म्हणजे लवचीक नळी, आखूड होता. शेगडीचा तळ केबिनकडे आला की तो ताणला जाई आणि एल्बोला आट्यांत किंचित फिरवी. पण होज आखूड ठेवण्यामागेही कारण होतं: शेगडी होडीच्या भिंतीला इतकी चिकटून टांगली होती की लांब होज मागे चेंगरलाच असता. म्हणजे नुसता होज बदलून भागणार नव्हतं.

मागची जागा वरच्या कडेला मोजली की फसगत होते, कारण होडीची भिंत खाली जाताना आत वळते. हिशोब मागच्या खालच्या कोपऱ्याचा करायचा. टांगणीच्या खुंटीपासून हा कोपरा 23 सेंटिमीटर मागे आणि 40 सेंटिमीटर खाली असेल, तर 30 अंशांच्या कलात तो आणखी सुमारे 17 सेंटिमीटर मागे जातो. इथे ती जागा नव्हती. टांगणीच्या दोन्ही पट्ट्या केबिनकडे सरकवल्या. लाकडात पिळायचे स्क्रू न वापरता 316 स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणाऱ्या पोलादाचे) आरपार बोल्ट आणि मागे जाड पट्टी दिली. भरल्या पातेल्यांसकट शेगडीचा सगळा भार या चार-सहा बोल्टांवर लाटेच्या हिसक्यानिशी येतो.

मग एल्बो नवा आणि होज नवा, उत्पादनाचं वर्ष छापलेला. होजचं स्थिर टोक खुंटीच्या रेषेजवळ बांधलं, कारण हालचाल तिथे सगळ्यात कमी असते. तिथून खाली सैल वळसा. तो ओव्हनच्या तापत्या पाठीला टेकता कामा नये आणि भिंतीवर घासताही कामा नये.

वजनाचा तोल वेगळा पाहावा लागतो. वर पाण्याने भरलेलं मोठं पातेलं आणि ओव्हनचं दार उघडं, अशा अवस्थेत शेगडी हलवून पाहिली. ती परत सरळ यायला संथ वाटली, म्हणून तळाशी वजनाची पट्टी लावली. एवढं करूनही दार उघडण्याआधी शेगडीचं डोलणं रोखणारा अडसर लावावाच. दाराचं वजन पुढे आलं की शेगडी पुढे झुकते.

शेवटी हवेची चाचणी पुन्हा, सरळ आणि दोन्ही बाजूंना 30 अंशांवर. पाणी हललं नाही, तेव्हाच सिलिंडर जोडला आणि सांध्यांना परत साबण लावला. साबण अमोनिया नसलेलाच घ्यावा. अमोनियाने पितळेला तडे जातात. ज्योत विझवून, ज्योत गेली की गॅस तोडणारी सुरक्षा-झडप बंद झाल्याचा खटका ऐकला. सिलिंडरच्या कप्प्यात बादलीभर पाणी ओतलं. ते सगळं तळाच्या नळीतून होडीबाहेर गेलं, केबिनमध्ये थेंबही आला नाही. गॅस-अलार्मचा सेन्सर शेगडीच्या वर लावलेला होता, तो काढून खाली, तळातलं पाणी लागणार नाही इतक्या उंचीवर बसवला.