कारखान्याला गेलेल्यांची लेकरं

डिसेंबरात मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाइनवर फोन आला. धारूर घाटाजवळच्या एका गावात परदेशी बाईनं अनाथाश्रम काढलाय, "पाटी नाही, परवाना नाही, लेकरं मात्र लई हायेत." फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. मी तेव्हा बीडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी होते. अशी तक्रार आली की आमच्या मनात आधी वाईटच येतं, कारण या नोकरीत पाहिलेलं बहुतेक वाईटच असतं.

तिथं गेले तर भाड्याचं दुमजली स्लॅबचं घर, लख्ख पुसलेल्या फरश्या, प्रत्येक लेकराला वेगळा पलंग आणि मच्छरदाणी. नियमाप्रमाणं झोपायच्या खोलीत दर मुलामागं 40 चौरस फूट जागा आणि सात मुलांमागं एक संडास लागतो. दोन्ही होतं. रीतसर नोंदणी असलेल्या काही संस्थांमध्ये मला इतकं कधी दिसलेलं नाही. अहवालातही मी तसंच लिहिलं, वरिष्ठांना आवडलं नाही तरी.

बाई साठीच्या, हॉलंडच्या, निवृत्त नर्स. गावाच्या तोंडी 'गोऱ्या मॅडम'. पर्यटक व्हिसावर आलेल्या. ओळखीपाळखीच्या लोकांची मदत त्यांच्या तिकडच्या खात्यावर जमा व्हायची आणि त्या इथं एटीएममधून काढून किराणा भरायच्या. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 प्रमाणं मुलं ठेवायची तर संस्थेची नोंदणी हवी, नसेल तर वर्षापर्यंत कैद किंवा किमान लाखाचा दंड, किंवा दोन्ही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना खरंच धक्का बसला. पर्यटक व्हिसावर असलं काम करता येत नाही, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग रजिस्टर मागितलं. 16 मुलं. प्रत्येकाच्या नावापुढं 'ऑर्फन'. आणून सोडणाऱ्याची सही सगळीकडं एकच.

सात-आठ वर्षांचा एक पोरगा दाराशी उभा होता. विचारलं, "बाळा, आई-बाबा कुठंयत?"

"कारखान्याला गेलेत."

"माझे बी," मागून एक मुलगी म्हणाली. "आमचे निपाणीकडं हायेत." तिसऱ्यानं तर ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव, टोळीत किती कोयते, टायरगाडीला बैल कुणाचे, सगळं सांगितलं. बीडच्या लेकराला हे पाठ असतं.

सही त्याच मुकादमाची होती. त्याचा हिशेब समजायला वेळ लागला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिवाळीआधीच दिलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. लेकरू बरोबर असलं की बाईचं अर्धं चित्त कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आणि मोळ्या कमी पडतात. इथं फुकट सांभाळणारी मॅडम मिळाली. आई-बापांना त्यानं सांगितलं की लेकरं सरकारच्या हंगामी वसतिगृहात आहेत. ते पटण्यासारखं होतं, कारण जिल्हा परिषदेची अशी वसतिगृहं गावोगाव चालतात. मात्र तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते, आणि मंजुरी उशिरा आली की मधल्या काळात लेकरांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. तेवढ्या फटीत हा माणूस शिरला.

त्याला फोन लावला तर म्हणाला, "मॅडमनी इचारलं यांचं कोण हाय, मी म्हणलं इथं कुणी नाही. खोटं काय सांगितलं?"

खरी आग पुढंच होती. मॅडमनी देणग्यांसाठी केलेल्या पानावर सगळ्यांचे फोटो होते, नावांसकट. एका पोराखाली लिहिलं होतं, वडील शेतकरी, आत्महत्या. त्या वडिलांना मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. फोन बायकोनं घेतला, मागं ऊस, हातात कोयता. तिला सांगितलं तर ती काही क्षण नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आमी मेलो का काय?" त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणं अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. मॅडमनी ते पान त्याच रात्री काढून टाकलं.

प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलांना बालकल्याण समितीपुढं उभं करावं लागतं. दुसऱ्या दिवशी दोन क्रूझर करून सगळे बीडला. मॅडमही आल्या, सोबत औषधांची पिशवी. निरोप गेल्यामुळं गावांतून आज्या येऊन बसलेल्या. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांच्यापुढं एक म्हातारी उभी राहिली. "मी जित्ती हाय की! मला इचारलं असतं तर ठिवलं असतं. फकस्त दोन टायमाला काय घालू ते सांगा."

सदस्यांनी आदेश तिच्या बोलण्याच्या अंगानं लिहिला, असं मला आजही वाटतं. 11 मुलं आज्यांकडं, आणि जेवणासाठी गावच्या हंगामी वसतिगृहात नाव. तीन भावंडांचा बाप खरंच वारलेला, आई एकटी अर्ध्या कोयत्यावर. त्यांना बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी महिना 2250 रुपये. उरले बहीण-भाऊ, त्यांचं कुणीच नव्हतं. ते नोंदणीकृत बालगृहात.

मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ज्या दोघांना माझी खरोखर गरज आहे, तेच तुम्ही माझ्याकडून नेताय." बोलणं चुकीचं नव्हतं.

बाहेरच्या मदतीचं मराठवाड्याला वावडं नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरला निराधार मुलांसाठी एसओएस बालग्राम उभं राहिलं. ती कल्पना मूळची ऑस्ट्रियातली, 1949 ची. पण ते चालवणारी संस्था भारतात नोंदलेली आहे. मॅडमना वाट सांगितली: परदेशी देणगी घ्यायची तर इथल्या संस्थेला साधारण तीन वर्षांचं काम आणि 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच येतो. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. व्हिसा संपला तशा त्या गेल्या. पलंग गावच्या वसतिगृहाला द्यायचे होते, पण साठा नोंदवहीत नोंद कशी घ्यायची यावर मुख्याध्यापक महिनाभर अडून बसले. शेवटी ग्रामपंचायतीच्या पत्रावर सुटलं.

मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, तो 'आत्महत्या केलेला' बाप ऑफिसात आला. त्याच्या पोराचा तोच फोटो कुणी उचलून भलत्याच आवाहनात लावला होता, खाली क्यूआर कोडही होता. गावच्या कुणीतरी त्याला मोबाइलवर पाठवलेला.

"हे पैसं कुणाला जातेत, मॅडम?" त्यानं विचारलं.

मी त्याला कागद दिला, तक्रार लिहून घेतली आणि सायबर पोलिसांकडं पाठवली.