कागदावरचा धुरा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे माझ्या टायपिंगच्या दुकानाची सुगी. पेरणी तोंडावर असते आणि त्याच्या आत वाटण्या, फेरफार, पीककर्जाचे कागद सगळं उरकायचं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत तहसीलसमोरच्या ओळीत माझं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि दुपारी पाणी संपलं की नुसतीच गरम हवा फेकणारा कूलर.

त्या दिवशी अकराच्या सुमारास दोघे भाऊ आले, सोबत त्यांची म्हातारी आई. हातात अर्जनवीस काकांनी लिहून दिलेला वाटणीचा कच्चा मसुदा. महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा होता आणि दोन वाजता त्यांना साहेबांपुढे उभं राहायचं होतं. मसुदा छोटा. आधी धाकट्याचा हिस्सा, मग मोठ्याचा हिस्सा, मग काकांनी पेनानं मारलेली आडवी रेघ. सुरुवातीलाच एक वाक्य होतं : रेघेखाली लिहिलेल्या बाबी दोघांत सामाईक राहतील. रेघेखाली गोठा आणि बैलगाडीची वाट.

मी कृतिदेवमध्ये टाईप करते. आमच्याकडे निम्म्या दुकानांत तोच फॉन्ट चालतो. त्यात हायफनच्या कळीवर पूर्णविराम आहे. रेघेच्या जागी मी ठिपक्यांची ओळ द्यायला गेले, कळ दाबून धरली, एंटर मारला आणि ठिपके गायब होऊन पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक सरळ रेघ उमटली. असं नेहमीच व्हायचं. का होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, वर्डच शहाणं आहे, त्याला कळतं आपल्याला काय पाहिजे ते.

सगळं झाल्यावर मोठा म्हणाला, "ताई, इहिरीचं राह्यलंच."

विहीर आणि तिच्यावरचा पाच अश्वशक्तीचा मोटारपंप. सामाईकच, पण मसुद्यात सुटलेली. रेघेखाली पहिली ओळ म्हणून ती घालायची, म्हणून मी मोठ्याच्या हिश्श्याच्या शेवटच्या शब्दापाशी कर्सर नेला, एंटर दाबला आणि लिहिलं. घाईत स्क्रीनकडे पाहिलंच नाही, नजर मसुद्यावर. प्रिंट काढून धाकट्याच्या हातात दिली.

तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. एका जागी बोट थांबलं. मग भावाकडे न पाहता त्यानं मलाच विचारलं, "इहीर त्याच्याकडं काऊन गेली?"

मी कागद घेतला. खरंच, विहीर रेघेच्या वर होती. मोठ्याच्या हिश्श्यात.

"वावरातला धुरा सरकवला तवा मी काही बोललो नाई," धाकटा म्हणाला, "आता कागदावरचाबी?"

मोठा ताडकन उठला. झेरॉक्सला आलेली चार माणसं काम सोडून आमच्याकडे पाहायला लागली. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि आमच्या भागात धुरा सरकवला म्हणणं म्हणजे साधी गोष्ट नाही. धुऱ्याच्या वितभर मातीपायी पिढ्यांचं बोलणं बंद होतं. आणि त्या क्षणी धाकट्याच्या नजरेत मीही सामील होते. पैसे घेऊन धुरा सरकवणारी.

मी रेघ पुसायला गेले. माउसनं पकडायला पाहिली, पकडता येईना; क्लिक केलं की कर्सर वरच्या ओळीत जाऊन बसे. खालच्या ओळीच्या सुरुवातीला बॅकस्पेस दाबला तर गोठाच वर येऊन विहिरीला चिकटला. कंट्रोल झेड करून तो परत आणला. मग विहिरीच्या ओळीच्या शेवटी सहज एंटर दाबला आणि रेघ एक घर खाली सरकली. पुन्हा दाबला, पुन्हा सरकली.

"भाऊ, इकडे या," मी धाकट्याला हाक मारली. "हे पाहा." मी एंटर दाबत गेले आणि रेघ खाली खाली चालत गेली, गोठ्याला पुढे ढकलत. "हिला कोणी सरकवलं नाही. ही आपणच चालते."

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मंग इला थांबवा."

तेव्हा कुठे मला त्या रेघेचं मर्म कळलं. ती स्वतंत्र ओळ नव्हतीच. लुगड्याला काठ असतो तसा तो वरच्या परिच्छेदाचा खालचा काठ होता. परिच्छेद वाढवला की काठ आपोआप शेवटी जायचा. आणि ती उमटायची ती हायफनमुळे. कृतिदेव फक्त अक्षराचं दिसणं बदलतो; मला दिसायचे ठिपके, पण वर्डला दिसायचे हायफन, आणि तीन हायफन एकट्या ओळीत देऊन एंटर केलं की ते बॉर्डर, म्हणजे हा काठ, आखतं. बरोबरच्या (=) चिन्हानं दुहेरी रेघ येते, लहरीच्या (~) चिन्हानं नागमोडी. कृतिदेवमध्ये त्या बरोबरच्या कळीवर त्र आहे, म्हणून ती मला कधी भेटली नाही. त्रत्रत्र कोण लिहितं?

जास्तीच्या रिकाम्या ओळी काढल्या. वरचा सगळा भाग निवडून होम टॅबमधल्या बॉर्डर्समधून नो बॉर्डर केलं. रेघ गेली. मग विहिरीची ओळ रेघेखाली यावी म्हणून तिच्यावर एक रिकामी ओळ सोडली आणि बॉर्डर्सच्याच यादीतून हॉरिझॉन्टल लाईन टाकली. ही खरी वेगळी वस्तू. चित्रासारखी पकडता येते, डबल क्लिक केलं की लांबी टक्क्यांत, जाडी पॉइंटमध्ये, रंग, डावीकडे की मध्ये, सगळं विचारते. मी जाडी तीन पॉइंट ठेवली, रंग ठार काळा. वर एंटर मारून पाहिला, खाली मारून पाहिला. जिथल्या तिथे. तरीही रेघेखाली ठळक अक्षरांत 'दोघांची सामाईक मालमत्ता' असं शीर्षक घातलं. अर्जनवीस काकांना ते आवडणार नव्हतं, पण विहिरीसारखी गोष्ट नुसत्या रेघेच्या भरवशावर सोडायची माझी तयारी राहिली नव्हती. (त्या रात्री ऑप्शन्समध्ये, प्रूफिंगच्या आत, ऑटोकरेक्टमधल्या बॉर्डर लाईन्सची खूण काढून टाकली.)

धाकट्यानं नवा कागद पुन्हा बोट ठेवून वाचला, मग मोठ्याच्या हातात दिला. मोठ्यानं न वाचताच घडी घातली. चाळीस रुपये झाले होते. दोघांनी वीस-वीस दिले.

सह्यांसाठी मी शेवटी तीन रेघा सोडल्या होत्या. कृतिदेवात अंडरस्कोर दिला तर ऋऋऋ उमटतं, म्हणून टॅबला ठिपक्यांचा माग लावून काढलेल्या. एवढा वेळ बाकावर पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसलेली म्हातारी उठली, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर वाकली.

"आंगठा कुठं देऊ बाई," तिनं विचारलं, "रेघेच्या वर का खाली?"