आधी रेघ, मग अक्षर

आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर आजोबांच्या मोडी वह्या सापडल्या, त्याला आता चार वर्षे झाली. त्यांचे देवनागरीत लिप्यंतर मी करणार, असे मी त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केले आणि त्यानंतर त्या कामाची जी तयारी केली, तिला तोड नव्हती. भिंग आणले, मोडीचा वर्ग केला, पानांचे फोटो काढून त्यांना क्रमांक दिले, टेबल खिडकीपाशी हलवले आणि डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ते पुन्हा होते तिथेच नेले. लिप्यंतर मात्र एका ओळीचेही झाले नाही. लोळत पडणाऱ्याला निदान आपण आळशी आहोत हे ठाऊक असते. तयारीत गुंतलेल्याची चालढकल घाम गाळून होत असल्यामुळे ती त्याची त्यालाही ओळखू येत नाही.

मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ आखून घेत आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका न उचलता, अक्षरे लिहीत जात. माझ्या रेघा तेवढ्या आखून झाल्या होत्या, त्याही पानेच्या पाने.

फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थाने 1980च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले आणि त्यातून 25 मिनिटे काम व 5 मिनिटे विश्रांती ही पद्धत निघाली. मीही ती करून पाहिली, पण फोनवर. आणि वेळ लावण्यासाठी हातात घेतलेला फोन खाली ठेवायला मला पाऊण तास लागे. शेवटी देवघरातली उदबत्ती आणून टेबलावर लावली. ती विझेपर्यंत उठायचे नाही, एवढाच नियम. उदबत्तीवर कोणाचे निरोप येत नाहीत.

पहिल्या उदबत्तीत तीन ओळी झाल्या. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे ठरवण्यातच बराचसा धूर निघून गेला. जमाखर्चात जागोजागी ‘गु॥’ दिसे. ते मी गुरुवार समजलो, आणि आजोबा सगळे पैसे गुरुवारीच कसे चुकते करत, याचे दोन दिवस मला कौतुक वाटत राहिले. तो शब्द होता ‘गुजारत’, म्हणजे रक्कम कोणाच्या हस्ते दिली त्याची नोंद. वर्गाच्या वहीत तो माझ्याच अक्षरात लिहिलेला निघाला.

आता दुसरी वही चालू आहे. रोज एक उदबत्ती, क्वचित दोन. गणपतीत अर्थात एकही नाही. काल वैशाखाच्या एका पानाच्या कडेला ‘शाकारणी करणे’, म्हणजे पावसाआधी छपराची डागडुजी करणे, अशी नोंद लागली. ज्येष्ठात पुन्हा तीच नोंद, या वेळी खाली दोन रेघा ओढलेली. आषाढात शाकारणीचा उल्लेख नाही. खर्चाच्या बाजूला दोन मोठी पातेली मात्र आहेत.