हातमा कितला येस?

२०२२च्या जूनमध्ये जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये क्वालिटीला लागलो. काम साधं: आलेल्या तुरीचा, चण्याचा ओलावा तपासायचा, नमुना पास करायचा. पत्रावर लिहिलं होतं, 'वार्षिक सीटीसी २,८८,०००'. सीटीसी म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, हे तेव्हा कोणाला माहीत होतं! आबांनी त्याला बाराने भागलं आणि संध्याकाळपर्यंत पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात मला चोवीस हजार पगार झाला. एकटे मामा फोनवर म्हणाले, "पगार ऱ्हाऊ दे, हातमा कितला येस (हातात किती येतं) ते सांग."

महिना भरला. खात्यात १८,२१० आले.

मला वाटलं चूक झाली. अकाउंटच्या मॅडमनी स्लिप पुढे सरकवली. बेसिक १२,०००, घरभाडे भत्ता ४,८००, इतर ३,२००, म्हणजे २०,०००. त्यातून पीएफ १,४४०, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे १५०, व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत हा कर ३०० होतो, तेव्हाही मी दचकलोच). आणि वरचे चार हजार? ते पत्राच्या दुसऱ्या पानावर होते, जे मी सही करताना उलटलंच नव्हतं. कंपनीचा पीएफ १,४४०, कंपनीचा ईएसआय ६५०, दिवाळीला एकदम मिळणाऱ्या बोनसचे १,०००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना एकदम मिळते ती रक्कम) ५७७, बस आणि कँटीनचे ३३३.

घरी हे समजावताना मी घामाघूम झालो, पण आबांना दोन मिनिटांत कळलं. "म्हणजे सालदारासारखं," ते म्हणाले. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी; आमच्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालाची बोली होते. सालदार काय काय विचारतो! रोख किती, उचल किती, ज्वारी किती, कपडा-चप्पल कोणाची, आजारी पडलो तर खाडा धरणार का. एक गोष्ट मोकळी सोडत नाही. शाळाही पुरी न झालेला माणूस ओट्यावर बसून एवढं ठरवतो, आणि बीएस्सी ॲग्री झालेला मी 'थँक यू सर' म्हणून सही करून आलो होतो.

खरा तमाशा पुढे झाला. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू करून पीएफचं पासबुक उघडलं, तर माझे १,४४० जमा, पण कंपनीचे फक्त ४४०! पत्रात १,४४० लिहून हजार रुपये खाल्ले की काय? दोन मित्रांना घेऊन मी तावातावाने मॅडमकडे गेलो. त्यांनी चहा संपवला, मग पासबुकातला शेवटचा रकाना दाखवला. कंपनीच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, उरलेले ३.६७ पीएफमध्ये. बारा हजारावर पेन्शनचे झाले १,०००. पैसे जागेवरच होते, आम्हाला रकाना वाचता येत नव्हता. मित्र मला एकट्याला सोडून कधी सटकले कळलंच नाही. (त्या दिवसापासून दर महिन्याला पासबुक बघायची सवय मात्र लागली. ठेकेदारामार्फत पोती उचलणाऱ्यांनाही मी तेच सांगायचो, कारण स्लिपवर कापलेलं खात्यात पोचलंच असेल असं नाही.)

ईएसआयचे १५० मला फुकट गेल्यासारखे वाटायचे. दुसऱ्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. उपचार त्यातच निघाले, आणि बिनपगारी रजेतले पैसेही सत्तर टक्क्यांनी मिळाले. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, ती माझी होती. आईचं नाव घरबसल्या कार्डावर चढवलं ते तेव्हाच.

ग्रॅच्युइटीचं मात्र आजही पटत नाही. पाच वर्षं भरल्याशिवाय जी मला मिळणार नव्हती, ती पहिल्या महिन्यापासून माझ्या 'पगारात' मोजलेली. दोन वर्षांनी नोकरी सोडली तेव्हा ५७७ गुणिले २४, म्हणजे १३,८४८ रुपये कागदावरच राहिले.

पुढची नोकरी रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसवर मिळाली. आकडा मोठा होता, पण या वेळी दुसरं पान आधी वाचलं. ग्रॅच्युइटी आकड्याच्या आत की बाहेर? बेसिक किती? रात्री लोडिंग चाललं तर जादा तासांचं काय? महिन्याचा पगार २१,०००च्या वर जात असल्याने ईएसआय बंद होणार होतं, म्हणून मेडिक्लेममध्ये आईआबा आहेत का तेही विचारलं. समोरचे साहेब म्हणाले, "तुम्ही नोकरीला आलात की सौद्याला?" पण आईआबांची नावं त्यांनी टाकली.

त्या रात्री मामांना मीच फोन केला आणि हातात येणारा आकडा आधी सांगून टाकला. ते थोडं थांबले.

"आनि जेवन?"

ते विचारायचं राहिलं होतं.