मुंढा उंच, मान ताठ

शाळेचा गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा शिवतात. खांदा इंचभर उतरलेला, बाही मनगटाच्या खाली, आत दोन-तीन इंचांची दुमड. त्यात गैर काही नाही, कपडा दोन वर्षं पुरायला हवा. पण याचा परिणाम असा की दहावी होऊन बाहेर पडताना अंगाला नीट बसलेला कपडा कसा लागतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नसतं. पुढे कॉलेजात चारचौघांपेक्षा वेगळं काही घालावंसं वाटतं. मुलगा काठाच्या साडीचा कुर्ता शिवतो, मुलगी आजोबांच्या बंद गळ्याच्या कोटासारखं जाकीट शिवून घेते. दिवसभर अवघडल्यासारखं होतं आणि घरचे म्हणतात, ‘तुला नाही शोभत.’ शोभत नाही असं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा तो कपडा बसत नसतो, आणि ते दुरुस्त करता येतं.

आपल्या शाळेत शिवणाच्या तासाला धावदोरा, टीप, हेम, काज हे सगळं शिकवलं जायचं. त्याच्या पुढचं थोडं, धंद्यात राहून कळलेलं, या स्मरणिकेच्या निमित्ताने सध्याच्या मुलामुलींसाठी लिहीत आहे.

वेगळा कपडा घालून माणूस चारचौघांत उभा राहिला की त्याच्या हाताकडे बघावं. हात सारखा जिथे जातो, तिथे शिवणीत चूक असते. कुर्ता खाली ओढत असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा घेर, खोल कापलाय. पुढचा गळा सारखा घशापासून दूर धरावा लागत असेल तर पाठीची उंची कमी पडते आहे. पाठीला थोडा बाक असला की कपडा मागे ओढला जातो आणि गळा वर चढतो. अशा वेळी पुष्कळ शिंपीमास्तर गळाच खोल करून देतात. त्याने घसा सुटतो, पण कपडा मागे सरकायचा थांबत नाही. खरा उपाय म्हणजे मागच्या भागाला खांद्याशी अर्धा इंच जास्त देणं, आणि तो कापण्याआधीच करावा लागतो. रुंद गळा खांद्यावरून घसरत असेल तर आतून टिचबटणाची छोटी पट्टी लावून घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे.

यातला मुंढा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. तयार कपड्यांत मुंढा खोल ठेवतात, कारण एकच माप अनेकांच्या अंगात जायला हवं. खोल मुंढ्याची बाही काखेपासून बरीच खाली जोडलेली असते, त्यामुळे हात वर केला की बाहीबरोबर सगळा कुर्ता वर येतो. उंच मुंढ्यात फक्त बाही हलते, धड जागेवर राहतं. पारख सोपी आहे. आरशासमोर उभं राहून दोन्ही हात बसचा दांडा धरल्यासारखे वर करावेत. खालची कड दोन इंचांपेक्षा जास्त वर आली तर मुंढा खोल. ही चूक शिवून झाल्यावर जवळपास सुधारत नाही, कारण कापलेलं कापड परत येत नाही.

जुन्या अंगरख्या-कुर्त्यांत याला चौबगला असायचा. काखेत बसवलेला, साडेतीन-चार इंचांचा चौकोनी तुकडा. तो कोनावर बसतो, म्हणजे हाताच्या ओढीला उरेब (तिरका) पडतो, आणि उरेब कापड ताणलं जातं. बाहीला गोल कापावं लागत नाही, कापड वाया जात नाही आणि हात मोकळा फिरतो. हातमागाच्या कापडाला हाच कट मला सर्वांत योग्य वाटतो.

हातमाग म्हटलं की इंदूरकरांच्या मनात पहिल्यांदा महेश्वरच येतं. महेश्वरी साडीचा कुर्ता शिवायची हौस अनेकांना असते, पण तिथेच सर्वाधिक कापड फुकट जाताना दिसतं. पारंपरिक महेश्वरीत ताणा (लांबीचे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. काठ साडीच्या लांबीने जातो, म्हणून काठ कुर्त्याच्या घेरावर हवा असेल तर कापड आडवं वापरावं लागतं, कुर्त्याची उंची पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, निघते. पन्हा साधारण पंचेचाळीस इंच धरला तर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता बसतो, त्याहून लांब बसत नाही. चाळीस छातीला बाह्यांसकट सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, म्हणजे एका साडीत दोन कुर्ते होतात.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. कापड आडवं घेतल्यावर रेशीम अंगाभोवती फिरतं आणि सुती धागे उभे येतात, बाजूच्या शिवणीला समांतर. कुर्ता घट्ट असेल तर बसताना शिवणीवर ताण येतो आणि गुळगुळीत रेशमावरून सुती धागा सरकतो. शिवण उसवत नाही, तिच्या शेजारी बारीक जाळी पडते. ती इस्त्रीने जात नाही. त्यामुळे साध्या सुती कापडाला चार इंच लूज चालत असेल, तर इथे सहा ठेवावं, दाब, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, एक इंचाचा घ्यावा आणि शिवण उलट-सुलट अशी, कडा आत झाकणारी, बंद टाकावी. घेर गोल कापायचा नाही. सरळ काठ गोलाईवर वळत नाही, चुण्या पडतात. कुर्ता सरळ आणि बाजूला कट, हेच बरं. धुताना गार पाणी, पहिली खेप वेगळी, वाळवण सावलीत. जरीवर अत्तर मारू नये, काळी पडते.

मास्तरांना ‘जरा वेगळं शिवा’ म्हणून भागत नाही. हाताला सवय ज्याची, तेच ते कापणार. अंगाला उत्तम बसणारा एक जुना कपडा सोबत न्यावा, कागदावर आकडे लिहून द्यावेत, आणि आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून घ्यावा. त्या नमुन्यात मांडी घालून बसावं, जिना चढावा, हात वर करावेत, टाचण्या लावाव्यात, मग खरं कापड कापू द्यावं. शिलाई थोडी जास्त पडते, पण महागाची साडी वाचते.

अंगाला बसलं की मग रंगरूपाचा प्रश्न. इथे आपल्याच इंदूरचा दाखला द्यावासा वाटतो. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबागेचा महाल एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्या काळातल्या अगदी नव्या शैलीत बांधून घेतला. फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बूते द मॉनव्हेल याने त्यांची दोन व्यक्तिचित्रं काढली. 1929 च्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्यापोशाखात आहेत, 1934 च्या चित्रात मराठी पोशाखात, डोक्यावर पगडी. माणूस तोच, पोशाख दोन टोकांचे, आणि दोन्हींत रंग अगदी मोजके. कपड्यांत वेगळं काही करू पाहणाऱ्याने ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत. एका वेळी एकच गोष्ट बोलकी ठेवावी, कापड किंवा कट किंवा दागिना. काठाचा कुर्ता असेल तर खाली साधी सुती पँट. नऊवारीवर खेळाचे बूट घालायचे असतील तर बूट आधी घालून मग नेसावं, नाहीतर उंची चुकते आणि काठ पायात येतो.

मुलांमध्ये भिकबाळीची हौस आहे. कानाच्या वरच्या पाळीत कूर्चा असते, तिथलं टोचलेलं भरायला सहा महिने सहज लागतात, कधी वर्षही. टोचायला बंदूक वापरू देऊ नये, सुईनेच टोचावं. महिना-पंधरा दिवस घालून बघायची असेल तर चापाची मिळते.

कपडा नवीन असताना लग्नात किंवा संमेलनात पहिल्यांदा घालू नये, हे मी सगळ्यांना सांगते. आधी घरी अर्धा दिवस घालावा, जेवावं, काम करावं, मग जवळच्या बाजारात. तोवर कापड अंगाचं होतं आणि ‘हे काय घातलंस?’ हा प्रश्न एकदा कानावरून गेलेला असतो. त्याला लांब उत्तर देऊ नये. ‘महेश्वरी आहे, चौबगल्याचा कट आहे’ एवढं नेमकं सांगितलं की पुढचा प्रश्न बहुधा कापडाबद्दल येतो. म्हणून आपण काय घातलंय त्याची माहिती आपल्याला हवी, सूत कुठलं, कट कुठला, शिवलं कुणी.

आणि मास्तरांकडून उरलेलं कापड जरूर मागून घ्यावं. चौबगला सर्वांत आधी विरतो, आणि हातमागाच्या पुढच्या ठाणाचा रंग मागच्याशी तंतोतंत जुळत नाही. चार इंचांचे दोन तुकडे आणि एक जादा बटण आतल्या दाबाला टाचून ठेवलं, तर दुरुस्तीच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.