ओ दिली नाही ती रात्र

देवलापारच्या पलीकडे, सातपुड्याच्या उतारावरच्या त्या शेतात गेल्या गेल्या एक नियम ऐकवला गेला. जागलीवर, म्हणजे रात्री पिकाची राखण करत असताना, दुसऱ्या मचाणावरून हाक आली की ओ द्यायची. घसा बसलेला असो, थंडीने दात वाजत असोत, ओ द्यायची. मी मान हलवली. यात काय अवघड, असंच तेव्हा वाटलं होतं.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान, मनसर गेलं की दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं. पुढे महामार्गच उचलून घेतलाय. वरून वाहनं, खालून जनावरं. यातला सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा आहे. ट्रकांच्या चाकांखालून वाघ, चितळ, रानडुकरं निवांत रस्ता ओलांडतात, या विचाराने मला एसटीच्या खिडकीत फार बरं वाटलं होतं. ती जनावरं ओलांडून पुढे कोणाच्या धानात शिरतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

शेताचं नाव लिहीत नाही. तिथल्यांना गर्दी नको आहे. सात कुटुंबं, बहुतेक गोंड, जमीन सामाईक, चूल एक, धान्याची ढोली एक. उतारावर बरड जमिनीत कोदो हे भरडधान्य, खाली बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, धान, धुऱ्यावर तूर. बाहेरून येणाऱ्याने काम करायचं आणि पंगतीत जेवायचं, पैशाचा व्यवहार नाही. अंथरूण आपलं आपण न्यायचं. आंघोळीला एक बादली पाणी, तेही स्वतः ओढून. मला त्याचा त्रास झाला, पाठीचा तर खूपच, पण जेवणाबद्दल एक शब्द वाईट काढणार नाही. अंबाडीची भाजी, गरम भात, वर पाट्यावर वाटलेला ठेचा. एवढं चविष्ट जेवण मी वर्षानुवर्षं जेवले नव्हते.

जाताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, सातबाऱ्यावर नाव कोणाचं? शाळेची सहल सेवाग्राम-पवनारला गेली होती तेव्हापासून भूदान हा शब्द मनात आहे. विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीतून ते सुरू केलं, हे पाठ होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी २०१३ साली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या हवाली करायचं ठरवलं, तेही वाचलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं. चुलीपाशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "राहून पाहा ना ताई, कागद काहून पाहता?"

पहिले चार दिवस धान कापण्यात गेले. विळा, कडपा, कंबर. माझ्यासोबत आलेली दोन शहरी मुलं तिसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून निघून गेली. मला त्यांचा राग आला होता आणि अजूनही आहे. ज्यांच्या भरवशावर लोकांनी कामाची वाटणी केलेली असते, त्यांनी असं मध्येच उठून जाऊ नये. पाचव्या दिवशी फळ्यावर जागलीच्या रकान्यात माझं नाव आलं ते त्यांच्याच रिकाम्या जागेवर.

कोणी अशा ठिकाणी जाणार असेल तर माझं सांगणं आहे, जागल असेल त्या दुपारी झोपा. मला मावशींनी हेच सांगितलं होतं. मी झोपले नाही. सगळे कापणीला असताना आपण आडवं व्हायचं याची मला लाज वाटली. खरं सांगायचं तर शहरातली बाई दमली, असं कोणी म्हणू नये यासाठीच मी दिवसभर विळा सोडला नाही.

धानाभोवती चार मचाणं. नाल्याकडच्या मचाणावर मावशी, त्यांच्यानंतर मी. माझ्यासोबत भंडाऱ्याहून आलेला एक कॉलेजचा मुलगा होता. त्याला कणकण होती, म्हणून दहाच्या सुमारास मीच त्याला खाली पाठवलं. म्हटलं, मी आहे ना. काही वेळाने नाल्याकडून हाक यायची, "हूऽऽऽ!" मी ओ द्यायची, मग माझ्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि फेरी पुन्हा नाल्याकडे. आवाजाने डुकरं बिचकतात, रोही, म्हणजे नीलगाई, थबकतात. पण हाक मुख्यतः माणसासाठी असते. पलीकडचा माणूस जागा आहे, धड आहे, एवढं तिच्यातून कळतं.

वर आभाळ असं होतं की मान खाली घ्यावीशी वाटेना. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या या भागाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, ती का, हे मचाणावर पाठ टेकल्यावर कळतं. कृत्तिका डोक्यावर आल्या. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, डोक्यावर आलं की दोन वाजून गेले असं समजायचं, मग पहाट लांब नाही, हे मावशींनी सांगून ठेवलं होतं. मी तिकांड्याकडे बघत होते. ते अजून पूर्वेलाच कललेलं होतं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती पायावर हात पडल्याने. शिडीवर मावशी. हातात जळतं लाकूड, डोक्यावरून घोंगडी, श्वास लागलेला.

"ताई, बऱ्या आहा ना? ओ काहून नाही दिली? तीन हाका देल्या म्या."

मला बोलता येईना. नाल्याच्या काठाकाठाने त्या आल्या होत्या. त्याच काठावर आदल्या सकाळी ओल्या मातीत वाघाचे पंजे उमटलेले आम्ही दोघींनी वाकून पाहिले होते. साठीची बाई, एकटी, त्या अंधारात, कारण माझा आवाज आला नाही. "झोप लागली," एवढंच मी कसंबसं म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "झोप होय ना? मंग बरं. मले दुसरंच वाटलं." आणि वर येऊन माझ्याशेजारी बसल्या. खाली धानात खसखस ऐकू येत होती. त्यांनी डबा बडवला, डुकरं पळाली. त्या रात्री मी रडले. त्यांनी मला समजावलं नाही, फक्त घोंगडीची अर्धी बाजू माझ्या अंगावर टाकली.

उजाडल्यावर पाहिलं तर माझ्या बाजूची अर्धी बांधी झोपली होती. जेवढं खाल्लं त्याहून जास्त तुडवलेलं. वनरक्षक पंचनामा करून गेला. मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं की चूक माझी आहे, नुकसान मी भरून देते. कोणीच पैशाचं बोललं नाही. एक काकाजी म्हणाले, "तुमच्या एकटीचं कसं? ढोली सगळ्यायची हाय." मग चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. मुलगा खाली गेल्यावर दुसरं माणूस वर का पाठवलं नाही, हे त्यांनी एकमेकांना विचारलं, जरा चढ्या आवाजातही. मचाणावर एकटं कोणी नाही, असं ठरलं. मावशींनी अंधारात यायला नको होतं, असं त्यांच्या मुलाने म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग कोण येईन?" यावर तो गप्प झाला.

मला वाटलं होतं, फळ्यावरून माझं नाव पुसतील. दुपार व्हायच्या आत बघितलं तर जागलीच्या रकान्यात नाव होतंच, फक्त मचाण बदललेलं. मावशींच्या मचाणावर मी.

त्या दुपारी मी चार तास झोपले.

रात्री पहिली हाक मावशींनी मला द्यायला लावली. माझा आवाज पातळ निघाला. पलीकडून लगेच ओ आली, मग तिसऱ्या मचाणावरून, मग चौथ्या. उरलेले चार दिवस मी याच कामावर होते, कापणी इतरांनी केली. शेवटच्या पहाटे घसा पार बसला होता. शिडीवरून त्या भंडाऱ्याच्या मुलाने चहाचा गंज वर दिला, आणि मावशींनी आधी माझ्यासाठी ओतला.